फाटक्या बेडकाला एवढे पैसे?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीला असतो. नोकरी उत्तम, संसार छान. पण रात्र रात्र जागून इंटरनेटवरच्या लिलावात जुन्या ‘मपेट’ बाहुल्यांच्या वस्तू घेत बसतो. हिरवा बेडूक, नखरेल डुक्करीण, त्यांचे मग, त्यांचे टेलिफोन! परवा रबरासारखी दोन विद्रूप मुंडकी दाखवून म्हणाला, “आत्या, घबाड मिळालं!” हे काय खूळ आहे? आणि त्याला कोणी टोपी तर घालत नाही ना?
— एक आत्या, सातारा

उत्तर : आत्याबाई, ती मुंडकी ‘विल्किन्स’ कॉफीच्या जाहिरातीतली असतील, तर भाच्याला आधी शाबासकी द्या.

मपेटचे जनक जिम हेन्सन यांनी 1957 पासून वॉशिंग्टनच्या या कॉफीसाठी अगदी चिमुकल्या जाहिराती केल्या. त्यांत विल्किन्स नावाचा मपेट कॉफीचं गुणगान करायचा, वॉन्टकिन्स नावाचा दुसरा नाक मुरडायचा, आणि पुढच्याच क्षणी वॉन्टकिन्सवर तोफ डागली जायची. लोकांना ही जोडी इतकी आवडली की, कंपनीने दोघांच्या व्हिनाइलच्या, हातात घालायच्या बाहुल्या काढल्या आणि ग्राहकांना डॉलरभर किमतीत टपालाने पाठवल्या. पोरांनी त्या मनसोक्त खेळून मोडल्या, आयांनी फेकून दिल्या. म्हणूनच आज त्यांना भाव आहे.

या छंदाची मेख इथेच आहे. ‘संग्रहासाठी खास आवृत्ती’ असं छापून जे विकलं जातं, ते सगळेच जपून ठेवतात, त्यामुळे ते ढिगाने मिळतं. ‘द मपेट शो’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम 1976 ते 1981 या काळात जोरात होता, तेव्हा बाहुल्या, मग, डबे यांचा नुसता पूर आला. मॅकडोनल्ड्सने 1981 साली ‘द ग्रेट मपेट केपर’ या चित्रपटाचे चार काचेचे ग्लास काढले. ते आजही सहज सापडतात. दुर्मीळ होतं ते जाहिरातीचं, फुकटचं, टाकाऊ. आपल्याकडे लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला रामदास पाध्यांचा ससा सगळ्यांना आठवतो. पण त्या काळातली त्याची छापील जाहिरात किती घरांत शिल्लक असेल?

आता शिकारीबद्दल. मुरलेला संग्राहक बाहुलीचं नाव टाकून शोधतच नाही, कारण तिथे सगळ्यांचीच गर्दी असते. तो विकणाऱ्याचं अज्ञान शोधतो. आजीचा माळा रिकामा करणारा माणूस ‘जुना हिरवा बेडूक, हातात घालायचा’ एवढंच लिहितो, किंवा त्या बेडकाच्या, म्हणजे कर्मिटच्या, इंग्रजी नावात शेवटी एक ‘टी’ जास्त घालतो. अशी वस्तू नेहमीच्या शोधात वर येत नाही, बोली लावणारे कमी असतात आणि स्वस्तात काम होतं. दुसरी जागा म्हणजे ‘खेळण्यांचा एकगठ्ठा डबा’. त्याचा फोटो मोठा करून कोपऱ्यातलं एखादं कापडी नाक ओळखता आलं पाहिजे.

टोपी घातली जाते ती बहुधा वयाच्या बाबतीत, आणि तिथे शिवणीतलं लेबल कामी येतं. ‘हेन्सन असोसिएट्स’ असेल तर माल जुना. मपेट डिस्नेकडे गेले 2004 मध्ये, तेव्हा हक्कदार म्हणून डिस्नेचं नाव असलेली कर्मिटची बाहुली ‘सत्तरच्या दशकातली’ असूच शकत नाही. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमातल्या मपेट पात्रांच्या बाहुलीवर ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ असेल तर ती 2000 पूर्वीची. त्या वर्षी संस्थेने नाव बदलून ‘सेसमी वर्कशॉप’ केलं. मात्र लेबलवरचं साल हे स्वामित्वहक्काचं असतं. बाहुली त्यानंतर कितीतरी वर्षांनी शिवलेली असू शकते.

कोणी झालर घातलेला कर्मिट ‘1955 चा’ म्हणून विकत असेल, तर हात जोडून पुढे जावं. तो पहिला कर्मिट हेन्सन यांनी आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि पिंगपाँगचा चेंडू वापरून बनवला. तेव्हा तो धड बेडूकही नव्हता आणि त्याच्या गळ्यात झालरही नव्हती. ती पुढे आली. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

वस्तू खरी असली तरी प्रकृती तपासावी. आतला फोम वर्षानुवर्षांनी भुगा होऊन गळतो, जुनं व्हिनाइल चिकट होतं. म्हणून लेबल, पाठ आणि हात घालायची जागा, या तिन्हींचे फोटो मागावेत. फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर सौदा सोडून द्यावा.

रात्रीच्या जागरणालाही कारण आहे. ईबे या संकेतस्थळावर लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो. तुम्ही कमाल 40 डॉलर लिहून ठेवलेत आणि दुसऱ्याची कमाल 22 असेल, तर वस्तू तुम्हाला 22 च्या किंचित वर मिळते. मग आधीच बोली लावून मोकळं का होऊ नये? कारण लवकर लावलेली बोली पाहून इतरांचा हात वर जातो. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये ईबेची अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी तुलना केली. अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ पुढे सरकायची. तिथे शेवटच्या मिनिटाची झुंबड ईबेपेक्षा कितीतरी कमी दिसली. म्हणजे तुमच्या भाच्याला जागवतो तो घड्याळाचा नियम. त्याने आपला आकडा दिवसाउजेडी, शांत डोक्याने कागदावर लिहावा आणि शेवटच्या क्षणी तेवढाच टाकावा. अर्ध्या रात्री ईर्षेने वाढवलेला आकडा हमखास महागात पडतो.

एखादी बाहुली तुम्हाला हवीशी वाटली, तर पार्सलने मागवण्याआधी सीमाशुल्काची चौकशी करा. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. टपालखर्च धरला, तर दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला व्हायचा.

थोडक्यात, छंद म्हणून हा प्रकार झकास आहे. गुंतवणूक म्हणून मुळीच नको. ज्यांनी ‘द मपेट शो’ लहानपणी पाहिला, त्यांच्या आठवणींवर हा बाजार चालतो आणि पुढची पिढी तेच पैसे मोजेल याची हमी कोणी देत नाही. तेव्हा भाच्याला अडवू नका. फक्त पुढच्या फोनवर विचारा, “बोली लावण्याआधी लेबलचा फोटो मागितलास ना?”