कच्चे मडके, पक्के मडके

मुलांनो,

या वेळच्या पाठाचा विषय आहे माती. यंदा आपल्या शनिवारच्या वर्गातील काही मुले-मुली आपापल्या शाळेत कलेच्या तासाला मातीकाम शिकत आहेत. कोणी चाकावर वाडगा केला, कोणी घोड्याचे डोके, कोणी हत्ती. आम्ही त्यांना या वस्तू वर्गात आणायला सांगितल्या आणि दोनच प्रश्न विचारले : काय केलेत? आणि करताना काय कळले? मुले आधी इंग्रजीत बोलली, मग शब्द शोधत मराठीत. जे शब्द सापडेनात ते आम्ही फळ्यावर लिहीत गेलो. त्या फळ्यावरून हा पाठ तयार झाला आहे.

१. मळणे

"बाई म्हणाल्या, अजून मळ, अजून मळ. मला वाटलं, आपण चपात्या करणार आहोत!" असे एक मुलगी म्हणाली. तिचे बरोबरच आहे. मराठीत कणीकही मळतात आणि मातीही मळतात. शब्द एकच, कारण कामही तेच.

माती म्हणजे अतिशय बारीक, चपट्या कणांचा ढीग. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरामुळे कण एकमेकांवरून सरकतात, म्हणून ओली माती हवी तशी वाकते. मळल्याने पाणी सगळीकडे सारखे पसरते, गाठी मोडतात, आत अडकलेली हवा निघून जाते. नीट न मळलेली माती चाकावर एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला घट्ट लागते, आणि भांडे डगमगू लागते. आपल्याकडचे कुंभार एकदम पुष्कळ माती लागते म्हणून ती पायांनी तुडवतात.

२. आकार देणे

मातीला आकार देण्याच्या पद्धती अनेक आहेत. गोळ्यात अंगठा खुपसून, चिमटीने कड पातळ करत वाटी करता येते. पोळीसारखी माती लाटून, तिचे तुकडे जोडून पेटी करता येते. मातीच्या लांब वळ्या करून, एकीवर एक रचून उंच भांडे करता येते. आणि चौथी पद्धत चाकाची.

चाक नसले तर चांगले भांडे होत नाही, असे मात्र समजू नका. आपण ज्या देशात राहतो त्या अमेरिकेतल्या मूळच्या लोकांनी हजारो वर्षे चाकाशिवाय भांडी केली. न्यू मेक्सिकोमधील सान इल्डेफोन्सो या गावच्या मारिया मार्टिनेझ (मृत्यू १९८०) या बाईंची काळी चकचकीत भांडी आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्या भांडी वळ्यांनीच उभारत, मग गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणत. भाजताना पेटलेल्या ढिगावर शेणखताचा भुगा टाकून जाळ कोंडत. त्या धुरात लाल माती काळी होई. आपल्या खेड्यातही भांडी भाजायला गोवऱ्या वापरतात. दोन देश, दोन टोके, आणि इंधन मात्र एकच!

आता जोडकामाविषयी. हत्ती करणाऱ्या मुलाची सोंड दोनदा गळून पडली. तेव्हा त्याला शिकवले गेले की दोन्ही तुकड्यांवर आधी आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, मग पातळ कालवलेली माती लावायची आणि मग दाबून जोडायचे. नुसते चिकटवलेले टिकत नाही. मराठीत याला एक जरा गावरान पण नेमकी म्हण आहे : मातीचे कुल्ले लावल्याने लागत नाहीत. (वर्गात ही म्हण वाचल्यावर हशा थांबायला बराच वेळ लागला.) त्याचा हत्ती अखेर पूर्ण झाला, पण सोंड आखूड झाल्याने तो अस्वलासारखा दिसतो. त्यावरही म्हण आहेच : करायला गेलो गणपती, झाला मारुती.

३. वाळणे

सगळ्यांना सर्वांत कंटाळवाणा वाटलेला भाग हा. हातात काही काम नाही, नुसते थांबायचे. पण मातीचे बरेच नुकसान इथेच होते.

पाणी उडून गेले की कण जवळ येतात आणि वस्तू आक्रसते. वाळताना आणि नंतर भाजताना मिळून ती साधारण दहा टक्क्यांच्या आसपास लहान होते. मातीप्रमाणे हे कमी-जास्त असते. पातळ कड लवकर वाळली आणि जाड बूड ओले राहिले, तर कड आक्रसते, बूड आक्रसत नाही, आणि या ओढाताणीत तडा जातो. म्हणून वस्तूवर प्लॅस्टिक झाकून ती सावकाश वाळवतात.

वाळण्याच्या मधल्या टप्प्यात माती चामड्यासारखी लागते. वाकत नाही, पण सुरीने कापता येते. कान जोडायचे, बूड तासायचे, नक्षी कोरायची, ती याच वेळी. कुंभार भांड्याच्या आत गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकतो आणि भांड्याचे पोट मोठे व भिंत पातळ करतो, तेही माती अशी अर्धवट वाळलेली असतानाच.

घोड्याचे डोके करणाऱ्या मुलाला इथे धडा मिळाला. डोके भरीव आणि जाड होते. बाहेरून कोरडे दिसत होते, आत ओल होती. भट्टीत ते फुटले आणि शेजारच्या दोन वाट्यांनाही त्याचे तुकडे लागले. "आत हवा राहिली म्हणून फुटलं," असे पुष्कळजण सांगतात. पण खरे कारण बहुतेक वेळा ओल हेच असते. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते आणि त्याची वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते. जाड मातीतून ती वेळेवर बाहेर पडू शकत नाही. म्हणून मूर्तिकार भाजायची मूर्ती आतून पोकळ करतात आणि खाली एक भोक ठेवतात.

४. भाजणे

शाळेतली विजेची भट्टी पहिल्या भाजणीत साधारण १००० अंशांपर्यंत तापते. आधी राहिलेली ओल जाते. मग सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेले पाणी निघून जाते. हे झाले की माती ही माती राहत नाही. ती पुन्हा कितीही भिजवली तरी विरघळत नाही. त्यानंतर भट्टी निवायलाही खूप तास लागतात. घाई करून दार उघडले तर गार हवेने वस्तू तडकते.

खेड्यातल्या कुंभाराच्या भट्टीला आवा म्हणतात. त्यात विजेचे बटण नाही, तापमान दाखवणारे यंत्र नाही. कुंभार जाळाच्या रंगावरून आणि अनुभवावरून ठरवतो. आव्याचे तापमान शाळेच्या भट्टीपेक्षा बहुधा कमी असते. त्यामुळे माठाच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते. वाडग्याला मात्र काचेसारखा लेप देऊन पुन्हा भाजतात, म्हणून तो झिरपत नाही. आणि शाडूचा गणपती? तो भाजतच नाहीत, नुसता वाळवतात. म्हणून तर तो पाण्यात विरघळतो.

भाजणी चांगली झाली की नाही हे कानाने कळते. बोटाच्या पेराने टिचकी मारा. नीट भाजलेले भांडे खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. महाराष्ट्रात प्रवरा नदीकाठी जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तिथल्या लाल मातीच्या, काळी नक्षी काढलेल्या भांड्यांना वाजवले तर धातूसारखा नाद येतो. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

५. कच्चा आणि पक्का

आता फळ्यावरचे शेवटचे दोन शब्द. 'पक्का' हा शब्द संस्कृत 'पक्व' म्हणजे शिजलेला, भाजलेला यावरून आला. 'कच्चा' म्हणजे न भाजलेला. पक्की वीट, कच्चे मडके, कच्चा आंबा, कच्चा रस्ता हे सगळे याच जोडीतले.

संत गोरा कुंभार तेर गावचे. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की एकदा संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने त्यांचे थापटणे पाहिले आणि हे कशासाठी, असे विचारले. मडकी कच्ची की पक्की ते पाहायला, असे ते म्हणाले. मग आमचीही परीक्षा करा, असे मुक्ताबाई म्हणाली. गोरोबाकाका प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेव मात्र रागावले. हे मडके कच्चे, असा निकाल झाला! पुढे नामदेवांनी विसोबा खेचर यांना गुरू केले. ते महाराष्ट्राबाहेर फिरले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कच्चे ठरलेले मडके इतक्या दूर पोहोचले.

ही कथा सांगून झाल्यावर वाडगा करणारी मुलगी म्हणाली, "घरी सगळे म्हणतात माझं मराठी कच्चं आहे. म्हणून मी आजीशी फोनवर फक्त 'हो' आणि 'बरं' म्हणते." वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग घोडेवाला मुलगा म्हणाला, "माझा दुसरा घोडा कच्चा असताना पडला. आम्ही तो बादलीत भिजवला, परत मळला आणि त्याच मातीचा नवा केला. भाजलेला फुटला तो टाकावा लागला. कच्चं असेल तर चांगलंच आहे."

पालकहो, हे वाक्य आपल्यासाठीही आहे. 'मराठी कच्चे आहे' हा निकाल नव्हे, ती मातीची एक अवस्था आहे, आणि दुरुस्ती त्याच अवस्थेत होते. मूल "माझी मडकं पडली" म्हणाले तर हसू नये, मध्येच तोडूही नये. वाक्य पुरे होऊ द्यावे आणि मग आपल्या बोलण्यात सहज म्हणावे, "अरेरे, तुझं मडकं पडलं का?" एवढे मळणे रोज झाले तरी पुरे. आणि मुलांनो, आजी फोनवर आली की 'बरं' च्या पुढे निदान एक वाक्य बोला. चुकले तर चुकले. अजून भट्टी लागलेली नाही.

शब्दार्थ

थापटणे – कुंभाराचे भांडे ठोकण्याचे लाकडी साधन
आवा – मडकी भाजण्याची कुंभाराची भट्टी
शाडू – मूर्ती करण्याची बारीक, फिकट रंगाची माती
बूड – भांड्याचा तळ
खापर – फुटलेल्या मडक्याचा तुकडा

स्वाध्याय

१. मडक्याचे चित्र काढा आणि तोंड, गळा, पोट, बूड, कान व काठ ही नावे योग्य जागी लिहा. यांतील कोणती नावे तुमच्या शरीरालाही आहेत?

२. मळणे, वळणे, लाटणे, वाळवणे, भाजणे हे शब्द स्वयंपाकघरात कुठे वापरतात? प्रत्येकाचे एक वाक्य लिहा.

३. 'पालथ्या घड्यावर पाणी' आणि 'दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणे' यांचा अर्थ घरी विचारा.

४. आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्या लहानपणी घरात मातीच्या कोणत्या वस्तू होत्या ते विचारा. रांजण, माठ, पणती, सुगड, बोळके यांपैकी किती निघतात ते मोजा आणि पुढच्या शनिवारी वर्गात सांगा. सांगताना वाक्य चुकले तरी चालेल.