आयते कापलेले तुकडे आधी धुवायचे का?

गोधडीसाठी आयते कापलेले तुकडे आता घरबसल्या मिळतात. पाच इंची चौकोनांचा चार्म पॅक, अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी म्हणजे जेली रोल, दहा इंची चौकोनांचा लेअर केक. गठ्ठा उघडला की पहिली धास्ती असते ती लाल-निळ्या रंगांची. पांढऱ्यावर रंग उतरला तर सगळी मेहनत वाया! मग शिवायच्या आधी सगळं धुऊन घ्यावं का? माझं उत्तर सरळ आहे: अख्खा गठ्ठा धुवू नका. संशय येईल तो रंग तपासा, नापास झालेला तुकडा बाजूला काढा आणि खरी काळजी शिवून झालेल्या गोधडीच्या पहिल्या धुण्यात घ्या.

न धुण्याचं कारण मापात आहे. सुती कापड पहिल्या पाण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं आणि उभ्या-आडव्या धाग्यांत सारखं आटत नाही. पाच इंचांचा तुकडा पावणेपाचच्या आसपास येतो, आणि चौकोन म्हणून सरळही राहत नाही. या कामातली सगळी मापं पाव इंच शिवण धरून बांधलेली असतात, तेव्हा एवढी घट सोसत नाही. कडा दातेरी कापलेल्या असतात त्या दशा सुटू नयेत म्हणून. पण मशीनच्या घुसळणीपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. पट्ट्यांचं तर विचारूच नका, बाहेर येतो तो नुसता गुंता.

पूर्वीच्या गोधडीला हा प्रश्न नव्हता, कारण ती जुन्या लुगड्यांची नि धोतरांची असे. त्यांचा रंग जायचा तेवढा गेलेला, कापड आटायचं तेवढं आटलेलं. आज आपण वर नवे तुकडे आणि खाली आईची जुनी साडी असा मेळ घालतो, तिथे मात्र जपायला हवं. वरचा थर आटतो, खालचा आटत नाही, आणि अस्तर पोत्यासारखं सैल पडतं. अस्तर जुन्या साडीचंच हवं असेल तर दहा इंची तुकडे घ्या, ते हाताने धुवा, वाळल्यावर नऊ इंचांवर नव्याने कापा. आधी धुण्याला मी मान्यता देते ती एवढ्याच ठिकाणी. अस्तर नवं असेल तर वरचं, खालचं आणि मधला सुती थर तिन्ही न धुताच शिवा. पहिल्या धुण्यात सगळं मिळून थोडं आकसतं, आणि जी मऊ सुरकुती येते ती गोधडीला शोभूनच दिसते.

आता तपासणी. गठ्ठ्यातून लाल, मरून, गडद निळा, जांभळा, फिरोजी आणि काळा एवढे रंग वेगळे काढा. आधी कोरड्या पांढऱ्या सुती चिंधीने तुकडा जोर देऊन घासा. चिंधीवर रंग आला तर तो नुसत्या घासण्यानेही निघतो आहे. इंडिगोचं असं हमखास होतं, कारण तो धाग्यावर बसलेला असतो, त्याच्याशी जोडलेला नसतो. मग काचेच्या पेल्यात गरम पाणी घ्या, त्यात द्रव डिटर्जंटचा थेंब टाका आणि तुकड्याची कोपऱ्यातली बारीक चिंधी अर्धा तास बुडवून ठेवा. पाणी रंगलं तरी लगेच घाबरू नका. त्याच पाण्यात पांढरी सुती चिंधी घालून आणखी अर्धा तास थांबा. शेवटी दोन्ही चिंध्या ओल्याच एकमेकींवर ठेवून वर पुस्तकाचं वजन द्या आणि तशाच वाळू द्या. पांढरी पांढरीच राहिली तर तो रंग खुशाल वापरा. तिच्यावर छटा आली तर तो तुकडा या गोधडीत नको. गडद रंगांच्या पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात त्याला जागा मिळेल.

मीठ, तुरटी, व्हिनेगर यांनी रंग पक्का होतो हे घरोघरी ऐकू येतं, पण बाजारातल्या छापील सुती कापडाला त्याचा उपयोग नाही. व्हिनेगरचा आंबटपणा लागतो तो लोकर-रेशमाच्या काही रंगांना, आणि तुरटी कामाची आहे ती मंजिष्ठेसारख्या वनस्पतीजन्य रंगात कापड रंगवताना. सुती कापडावर आज बहुधा रिअॅक्टिव्ह रंग असतात. त्यातला जो धाग्याशी जोडला गेला तो जात नाही. सुटतो तो कारखान्यात पुरेसा धुतला न गेलेला जादा रंग, आणि तो काढायला गरम पाणी नि साबणच लागतो.

शिवताना इस्त्री कोरडी ठेवा. वाफेने तुकडे आटतात आणि कच्चा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो.

गोधडीचं पहिलं धुणं एकटीचं करा, सोबत दुसरं काही नको. पाणी भरपूर, द्रव डिटर्जंट, फेरा हलका. रंग शोषणारे कागद मिळतात, त्यातले दोन-तीन टाका. पाण्यात सुटलेला रंग ते धरतात, मात्र दोन ओले थर चिकटून पडले तर तिथे त्यांचं काही चालत नाही. म्हणून मशीन थांबताच गोधडी बाहेर काढा आणि सावलीत पसरा. घडी घालून बादलीत तासभर राहिलेली ओली गोधडी हेच बहुतेक डागांचं मूळ असतं.

एवढं करूनही डाग दिसला तर ती वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नको. मोठ्या टबात किंवा पिंपात गिझरचं कडकडीत पाणी भरा, नेहमीपेक्षा जास्त डिटर्जंट विरघळवा आणि गोधडी पूर्ण बुडवा. एक कोपराही वर तरंगता कामा नये. रात्रभर ठेवा. सकाळी पाणी रंगलेलं असेल तर ते ओतून पुन्हा तेच करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं, पण डाग पुष्कळदा निघून जातो.

बाळंतविड्यात द्यायची गोधडी मात्र स्वतः एकदा धुऊन मगच द्या. तिच्यासोबत चिठ्ठीही ठेवा: वेगळी धुवावी, ओली ठेवू नये, सावलीत वाळवावी.