शिडाच्या नावेवरील शिक्षण आणि आपले विद्यार्थी

पाथर्डीपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. येथील अध्यापकाने शिडाच्या नावांचा विचार का करावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु वंचित मुलांच्या शिक्षणासाठी या नावांचा जो उपयोग जगात झाला, त्यात आपल्या वर्गास लागू पडणारा एक प्रश्न आहे.

या प्रथेचा आरंभ फारसा उदात्त नव्हे. जोनास हॅनवे याच्या पुढाकाराने १७५६ साली लंडन येथे मरीन सोसायटी स्थापन झाली. ही संस्था निर्धन मुलांना कपडे देई आणि आरमारात पाठवी. मुलांच्या पोटाची सोय झाली हे खरे. पण त्याच वर्षी युद्ध सुरू झाले होते व आरमारास माणसे हवी होती. विसाव्या शतकात ही दृष्टी पालटली. १९५६ साली टॉर्बे ते लिस्बन अशी मोठ्या शिडाच्या जहाजांची शर्यत झाली. या शर्यतींच्या परंपरेत निम्मे खलाशी पंधरा ते पंचवीस वर्षांचे असावेत असा नियम रूढ झाला. पुढे कॉलिन म्यूडी यांनी आखलेल्या ‘लॉर्ड नेल्सन’ या जहाजावर १९८६ पासून २०१९ पर्यंत अपंग व धडधाकट माणसे बरोबरीने काम करीत. याच म्यूडींच्या आराखड्यावरून गोवा शिपयार्डने बांधलेले ‘तरंगिणी’ १९९७ साली भारतीय नौदलात दाखल झाले, व २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अर्थात ‘तरंगिणी’ नौदलाच्या छात्रांसाठी आहे, वंचितांसाठी नव्हे.

अशा सफरींचे समर्थन करताना, कष्टांनी चारित्र्य घडते, असे सांगण्यात येते. सुखवस्तू घरच्या मुलास हे कदाचित लागू पडेल. आपल्या तालुक्यात मात्र दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. मुलेही ट्रकवर बसून जातात, अथवा हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. थंडी, पहाट, ओझे, धाकट्या भावंडांची निगा हे सर्व त्यांस ठाऊक आहे. त्यांना आणखी कष्ट शिकविण्याची आवश्यकता नाही. कोठे जावयाचे व केव्हा परतावयाचे हे त्यांच्यासाठी नेहमी दुसरेच कोणी ठरविते. उणीव आहे ती याची.

म्हणूनच मोठ्या जहाजांपेक्षा लहान नावेचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही स्वस्त, प्लायवूडची नाव आखली. लांबी सुमारे सव्वादोन मीटर, एक शीड, एक सुकाणू, व आत एकटे मूल. हैदराबाद येथे हुसेनसागर तलावावर यॉट क्लब ऑफ हैदराबाद या संस्थेने सरकारी शाळांतील व गरीब घरांतील मुलामुलींना शिडाच्या नावा हाकण्यास शिकविले, व त्यांतील काहींनी राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळविली. हैदराबादही समुद्रापासून दूरच आहे.

शेजारच्या शेवगाव तालुक्यात नाथसागराचे पाणी पसरले आहे. परंतु तेथे मुलांना घेऊन जावे असे सुचवावयाचे नाही. जीवरक्षक जाकीट व जाणकार शिक्षक यांवाचून मुलास पाण्यावर नेणे हा अपराध होय. पाठ मैदानावरच घ्यावा.

वाऱ्याच्या थेट समोर शिडाची नाव जाऊ शकत नाही. वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून ती आधी एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस वळत पुढे सरकते. हे नागमोडी जाणे मुलांना चालवून दाखवावे. फक्कीने वाऱ्याचा बाण काढावा, पलीकडे एक दगड ठेवून त्यास बंदर म्हणावे. एका विद्यार्थ्याने नाव व्हावे. केव्हा वळावयाचे हे त्यानेच ठरवावे, अध्यापकाने बोलू नये. चूक झाल्यास बंदर हुकेल, ते हुकू द्यावे. पाठ श्रावणात घेणे इष्ट, कारण तेव्हा वारा पश्चिमेकडून नेमाने वाहतो आणि पुढे स्थलांतर करणारी मुलेही वर्गात असतात. ज्या मुलाने ट्रकवरून चार जिल्हे पाहिले आहेत, त्यास दिशांचे ज्ञान बहुधा इतरांहून अधिक असते. प्रथम त्यासच उभे करावे.