ब्लॉकचेनबाहेरचा हिशेब

माझा भाचा अमरावतीत राहून परदेशी ग्राहकांना वेबसाइट करून देतो. किरकोळ कामांचे पैसे त्याला बिटकॉइनमध्ये, लाइटनिंगवरून यायचे. क्षणात जमा, शुल्क नगण्य. एके दिवशी ॲपवर सूचना आली : पैसे काढण्याची सोय तात्पुरती बंद. शिल्लक मात्र दिसत होती. अकोल्यात मी कर सल्लागाराचं काम करतो, म्हणून तो माझ्याकडे आला.

"ॲप घेताना बारा शब्द लिहून ठेवायला सांगितले होते का?"

"नाही मामा. नंबर टाकला, ओटीपी आला, झालं सुरू."

त्या बारा शब्दांतच पैशांची चावी असते. ती त्याला कधी मिळालीच नव्हती.

बिटकॉइनच्या साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये, साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक जोडला जातो, सेकंदाला जेमतेम सात व्यवहार मावतात. त्यावर जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी लाइटनिंगचा उपाय मांडला. व्यवहार करणाऱ्या दोघांनी साखळीवर रक्कम अडकवायची, आपसात हवे तेवढे व्यवहार करायचे आणि शेवटचा हिशेब तेवढा साखळीवर न्यायचा. आपला शेतकरी अडत्याकडून हंगामभर उचल घेतो आणि तूर विकल्यावर खातं मिटवतो, तसंच. फक्त इथे वही दोघांकडे असते आणि प्रत्येक नव्या आकड्यावर दोघांची सही लागते.

समोरच्याने त्याच्या सोयीचा जुना हिशेब साखळीवर टाकला, तर ठरलेल्या मुदतीत तुम्ही तो पकडायचा. मग त्याचीही रक्कम दंड म्हणून तुम्हाला मिळते. मुदत टळली की हक्क गेला. म्हणून फोन फार दिवस बंद ठेवून चालत नाही, नाहीतर पाळत ठेवणारी वॉचटॉवर सेवा लावावी लागते. फोन फुटला आणि जुन्या बॅकअपमधला हिशेब साखळीवर गेला, तर लबाड तुम्हीच ठरता.

ही राखण नको म्हणून लोक भाच्यासारखं ॲप घेतात. मग चावी कंपनीकडे, आपल्याकडे तिच्या वहीतला आकडा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांना आपली क्रिप्टो काढायला वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं.

माझं स्पष्ट मत आहे : अशा ॲपमध्ये खिशात बाळगू तेवढीच रक्कम ठेवा. पहिल्याच आठवड्यात थोडी रक्कम स्वतःच्या चावीच्या वॉलेटमध्ये काढून पाहा. साखळीवरचं शुल्क कधीकधी इतकं चढतं की लहान रक्कम तिथे नेणं परवडत नाही. तेही आधी बघा. फसवणूक झाल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. साखळीबाहेरचे व्यवहार सार्वजनिक नोंदीत सापडत नाहीत. ॲप बंद पडलं की विवरणपत्रासाठी पुरावाच उरत नाही, आणि क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा वजा होत नाही. भाच्याचं ॲप उघडत होतं तोवर आम्ही सगळा उतारा उतरवून घेतला. तुम्ही दर महिन्याला घेत जा.