टीबीची गोळी, तिचे पेटंट आणि दोन रुग्णांची हरकत

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, हे आपण या पानावर सांगत आलो आहोत. आज त्याच आजाराबद्दल, पण वेगळ्या बाजूने बोलू. टीबीचे औषध कोणाला मिळेल, ते किती महाग असेल, हे कुठे ठरते? आणि तिथे रुग्णाचे कोणी ऐकते का?

साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. पण गोळ्या मध्येच सुटल्या, किंवा औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची लागण दुसऱ्याकडून झाली, तर नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. हा एमडीआर टीबी. दहा बाय दहाची खोली, त्यात सात माणसे आणि खिडकीसमोर शेजारची भिंत, अशा घरात तो लवकर पसरतो. यात घरच्या कोणाचा दोष नाही, आजाऱ्याचा तर नाहीच. या टीबीवर पूर्वी महिनोन् महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने देत. जीव वाचे, पण अनेकांचे कान कायमचे जात.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या खायेलित्शा वस्तीतल्या फुमेझा टिसिले. दोघी टीबीतून वाचल्या, पण उपचारातल्या औषधांनी दोघींना बहिरेपण आले. बेडाक्विलिन नावाची नवी गोळी निघाली. तिच्यामुळे ही इंजेक्शने टाळता येऊ लागली. आपल्याकडे मात्र २०१६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मोजक्या रुग्णालयांतच मिळे. पाटण्याच्या १८ वर्षांच्या एका मुलीला 'तू दिल्लीची रहिवासी नाहीस' म्हणून ती नाकारली गेली. वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०१७ मध्ये सरकार औषध द्यायला तयार झाले. पुढच्याच वर्षी ती मुलगी गेली. औषधाच्या आड रहिवासाचा दाखला येतो, हे आपल्या वस्त्यांना नवीन नाही.

दुसरी अडचण किमतीची. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे या औषधावरचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. पेटंट असेपर्यंत दुसरी कंपनी तेच औषध स्वस्तात बनवू शकत नाही. कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षाररूपावर आणखी एक पेटंट मागितले. ते मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

इथे या दोघी पुढे आल्या. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५(१) प्रमाणे, पेटंट देण्यापूर्वी कोणीही व्यक्ती त्यावर लेखी हरकत घेऊ शकते. 'कोणीही' हा शब्द लक्षात ठेवा. तिथे डॉक्टर किंवा कारखानदार असावे लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोघींनी हरकत दाखल केली. आपल्या दुःखाची कहाणी त्यांनी जगाला सांगितलीच, पण पेटंट कार्यालयापुढे मुद्दा कायद्याचा होता: यात नवा शोध नाही. २००५ साली दुरुस्त झालेले कलम ३(ड) सांगते की जुन्या औषधाचे नुसते नवे रूप पेटंटला पात्र नाही, त्याचा गुण वाढल्याचे दाखवावे लागते. याच कलमावर रक्ताच्या कर्करोगाच्या ग्लिव्हेक औषधाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले होते. त्या लढ्यातही मुंबईची कॅन्सर रुग्णांची संस्था होती.

२३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. चार वर्षे लागली, वकील आणि डॉक्टरांच्या संघटना सोबत होत्या. नुसत्या हिमतीवर हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्या वर्षी ऑगस्टअखेर जागतिक खरेदी यंत्रणेत या औषधाची किंमत निम्म्याहून खाली आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. पूर्वी वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत. पण त्याआधी, मार्च २०२४ मध्ये, नव्या नियमांनी अशा हरकतीवर शुल्क लावले, आणि हरकत ऐकून घ्यायची की नाही हे आधी अधिकारी ठरवेल असे केले. दार बंद झाले नाही, अरुंद मात्र झाले.

आपल्याला उद्याच पेटंट कार्यालयात जायचे नाही. पण मार्च २०२४ मध्येच साध्या टीबीच्या गोळ्यांचा इतका तुटवडा पडला की केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले. 'गोळ्या संपल्या, नंतर या' हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. किती दिवसांपासून गोळ्या नाहीत, हे अर्जात लिहा. वस्तीतल्या इतर रुग्णांनाही विचारा आणि सर्वांनी मिळून सह्या करा. नाव उघड करायचे नसेल त्याच्यावर जबरदस्ती नको. अर्ज दवाखान्याच्या प्रमुखाला आणि शहर किंवा जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याला द्या. निक्षय पोषण योजनेचे पैसे २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते खात्यात येत नसतील तर निक्षय क्रमांक आणि बँकेचे पासबुक घेऊन जा व तेही त्याच अर्जात लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घ्या, आणि ती प्रत विहारात किंवा महिला मंडळाच्या फाइलला लावून ठेवा. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. आपल्या दवाखान्यात नसतील तर दुसऱ्या सरकारी केंद्रात कुठे आहेत, हे आशाताईंना त्याच दिवशी विचारा.