परसांतील गोड मका

परसांत दोन-चार वाफे मोकळे असले म्हणजे त्यांत वांगीं, मिरच्या व एखादा वेल लावून आपण समाधान मानतों. तेवढ्याच जागेंत गोड मकाही उत्तम होतो. मात्र त्याची रीत भाजीपाल्याहून निराळी आहे, आणि ती ठाऊक नसल्यास तीन महिन्यांचे श्रम व पाणी व्यर्थ जातें. आम्हीं पहिल्या वर्षीं कुंपणाच्या कडेनें एकच लांब ओळ टोकली. झाडें पुरुषभर उंच झालीं, कणसेंही लागलीं. परंतु सोलून पाहतों तों बहुतेकांत दाणे विरळ! दोष बियाचा नव्हता, आमच्या मांडणीचा होता.

मक्याच्या शेंड्यास येणारा तुरा हें नरफूल, व मध्यावर येणारें कणीस हें मादीफूल होय. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक केस आंतील एकेका दाण्यास जोडलेला असतो. त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. हें काम मुख्यतः वाऱ्याचें आहे. एकेरी ओळींतील पराग वाऱ्यानें बाहेरच उडून जातो. म्हणून मका नेहमीं चौरस वाफ्यांत, निदान चार ओळींत लावावा.

१० फूट लांब व ८ फूट रुंद जागा घ्यावी. तींत चांगलें कुजलेलें शेणखत तीन-चार घमेलीं मिसळावें. दोन ओळींत २ फूट व दोन झाडांत ९ इंच अंतर ठेविल्यास सुमारें ५० झाडें बसतात. प्रत्येक ठिकाणीं दोन दाणे एक इंच खोल टोकावे व रोपें वीतभर झाल्यावर जोमदार तेवढें एक राखावें. अतिगोड वाणांचें बीं सुरकुतलेलें व अशक्त असतें. तें थंड किंवा चिखलट जमिनींत कुजतें. झाडें गुडघाभर झालीं म्हणजे खुरपणी करून बुंध्यास मातीची भर द्यावी. युरिया द्यावयाचा असल्यास त्याच वेळीं व पुन्हा तुरा येतांना, सबंध वाफ्यास ६० ग्रॅमहून अधिक देऊं नये. तुरा व केस येण्याच्या सुमारास पाण्याचा ताण मुळींच पडूं देऊं नये. पण पाणी सांचूंही देऊं नये.

शेजारीं साधा मका असेल तर सावध असावें. साध्या मक्यांत साखरेचें पिष्ट होतें; गोड मक्यांत हें रूपांतर जनुकाच्या फरकामुळें नीट होत नाहीं. साध्या मक्याचा पराग पडल्यास तो फरक झांकला जातो आणि त्याच हंगामांत दाणे पिठूळ होतात. यास्तव दोहोंच्या पेरणींत तीन आठवड्यांचें अंतर ठेवावें.

सन २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशांत आली आहे. ती पोंग्यांत शिरून पानें कुरतडते. परसांत झाडें थोडीं असल्यानें रोज सकाळीं पोंगे पाहून अंडीपुंज व अळ्या हातानें वेंचून नष्ट कराव्या, व प्रारंभींच ५ टक्के लिंबोळी अर्क पोंग्यांत पडेल असा फवारावा.

केस दिसूं लागल्यापासून सुमारें १८ ते २२ दिवसांनीं ते तपकिरी होऊन वाळतात. तेव्हां कणसाचें वरचें पान किंचित् बाजूस सारून दाण्यास नख लावावें. पाण्यासारखा रस आल्यास थांबावें. दुधासारखा आल्यास त्याच दिवशीं तोडावें. पीठ लागल्यास वेळ टळली असें समजावें. तोडल्यावर साखर झपाट्यानें घटते व उष्ण हवेंत अधिकच. म्हणून कणीस सकाळच्या थंडाव्यांत तोडून लौकर शिजवावें. बाजारच्या कणसाहून परसांतील कणीस गोड लागतें, त्याचें रहस्य बहुतांशीं एवढेंच आहे.

माधुरी व प्रिया हे संयुक्त वाण असल्यानें त्यांचें बीं निगुतीनें राखून पुन्हा पेरतां येतें. संकरित वाणाचें बीं मात्र दरवेळीं नवें घ्यावें लागतें. एकदम सर्व जागा न पेरतां पंधरवड्याच्या अंतरानें दोन वाफे पेरावे, म्हणजे घरच्या मुलांस कोंवळीं कणसें महिनाभर पुरतील. ज्यांची पहिली ओळ आमच्याप्रमाणें फसली असेल त्यांनीं निराश न होतां येत्या हंगामीं चार ओळींचा वाफा करून पाहावा, एवढीच आमची सूचना आहे.