एक दिवस, अनेक तारखा

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें जुन्या देवळांचें गांव आहे. समजा, तेथील एखाद्या घरीं जुन्या पेटींत एक जीर्ण कागद सापडला, आणि त्यावर आजोबांच्या जन्माचें साल नुसतें '१३५७' असें लिहिलेलें आढळलें. तर आजोबांचें वय किती धरावें? प्रश्न सोपा दिसतो. परंतु उत्तरांत नऊदहा वर्षांची चूक होऊं शकते. ती कशी होते हें आपण प्रथम पाहूं, म्हणजे संगणक यंत्र काळाची नोंद कशी ठेवतें हेंहि सहज ध्यानांत येईल.

चारठाणा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. तेथील सरकारी दफ्तरांत फसली सन चाले. फसली म्हणजे पिकाचें वर्ष. तें ऑक्टोबराच्या आरंभीं सुरू होई आणि त्याचा पहिला महिना आजूर. घरांतील सणवार मात्र शालिवाहन शकाप्रमाणें होत, मुसलमान बांधव हिजरी सन पाळीत, आणि इंग्रजी तारीखहि लोकांस ठाऊक होती. हैदराबादच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं तो दिवस घ्या. ख्रिस्ती गणनेनें ती १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख, शालिवाहन गणनेनें शके १८७० चा भाद्रपद, फसली सन १३५७ आणि हिजरी सन १३६७. दिवस एकच, नांवें चार!

आतां कागदावरील १३५७ हें साल फसली असेल, तर आजोबांचा जन्म १९४७-४८ मधला. तेंच हिजरी असेल, तर १९३८-३९ मधला. आंकडा खोटा नाहीं, पण गणनेचें नांव लिहावयाचें राहिलें, एवढ्यानें सारा घोटाळा झाला.

हा घोटाळा टाळण्यासाठीं संगणकाच्या रचनाकारांनीं एक साधी युक्ति योजिली. बहुतेक संगणक पोटांत महिना, वार, तिथि असें कांहींच ठेवीत नाहींत. एक ठराविक क्षण आरंभ म्हणून धरावयाचा आणि तेथून किती सेकंद लोटले एवढीच संख्या जपावयाची. 'युनिक्स' नांवाच्या प्रणालीनें रूढ केलेला हा क्षण म्हणजे १ जानेवारी १९७० च्या आरंभींची ग्रीनिचची मध्यरात्र. त्या वेळीं भारतांत पहांटेचे साडेपांच वाजले होते. दिवसाचे सेकंद ८६,४००. आरंभापूर्वींचा काळ उणे चिन्हानें दाखवितात. या हिशेबानें १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस उणे ७,७७६ वा, आणि १५ ऑगस्ट १९४७ हा उणे ८,१७५ वा. एक वजाबाकी केली कीं कळतें, देश स्वतंत्र झाल्यावर ३९९ दिवसांनीं मराठवाड्यास तो दिवस लाभला. महिने तीस दिवसांचे कीं एकतीस, हें मोजीत बसावें लागत नाहीं.

संख्या आंत एकच. बाहेर दाखवितांना तिला देशोदेशींचा पोशाख चढतो. '०४/०५' असें लिहिलें तर आपण ४ मे समजतों, अमेरिकेंतील मनुष्य ५ एप्रिल समजतो. म्हणून १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय नियम झाला, कीं आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, जसें १९४८-०९-१७. अशा तारखा अंकांच्या क्रमानें लावल्या कीं त्या काळाच्या क्रमानेंहि लागतात.

या युक्तीसहि मर्यादा आहे. यंत्र प्रत्येक संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनीं लिहितें. जुन्या यंत्रांत सेकंदांच्या संख्येस असे बत्तीसच रकाने दिलेले असत. ते १९ जानेवारी २०३८ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं, भरून जातील, आणि पुढच्याच सेकंदास असें यंत्र डिसेंबर १९०१ दाखवूं लागेल! म्हणून नव्या यंत्रांत चौसष्ट रकाने ठेवितात.

परंतु यंत्र कितीहि मोठें असलें, तरी चारठाण्याच्या त्या कागदावरील सन कोणता, हें तें आपण होऊन सांगत नाहीं. नुसतें १३५७ दिलें तर तें ख्रिस्ती साल समजून आजोबांस साडेसहाशें वर्षांहून अधिक वयाचे ठरवील. तेथें वाचणाऱ्याचाच विवेक पाहिजे. कागदावर आजूर, बहमन, आबान असा महिना असेल तर सन फसली; मोहरम, सफर, रमजान असा असेल तर हिजरी. विद्यार्थिमित्रांनो, सुटींत घरीं जाल तेव्हां वडीलधाऱ्यांजवळ बसून असे कागद वाचा. मूळ अक्षरास हात लावूं नका. निराळ्या कागदावर मूळ तारीख जशीच्या तशी उतरा, तिच्यापुढें सनाचें नांव लिहा, आणि मगच तिचें ख्रिस्ती रूप मांडा. आणि पालकांस आमची विनंति, कीं ज्यांस हे सन ठाऊक आहेत ते वृद्ध घरांत आहेत तोंवरच हें काम मुलांकडून करवून घ्यावें.